'उंच लागतंय का?' : दातांच्या बैठकीचा शंभर वर्षांचा वाद

दाढेवर नवी कॅप बसवली की डॉक्टर निळ्या कागदाची पट्टी दातांमध्ये धरतात. "चावा. टक टक करा. आता बाजूला घासा. उंच लागतंय का?" आपण जीभ फिरवतो, पुन्हा चावून बघतो आणि "जरासं लागतंय" म्हणतो. जिथे निळा ठिपका उमटला तिथे मशीन फिरतं, पुन्हा कागद, पुन्हा टक टक. दोन-तीन फेऱ्यांनंतर आपण म्हणतो, "आता बरोबर वाटतंय," आणि खुर्चीवरून उतरतो.

या कागदांतले पातळ प्रकार ४० मायक्रॉनचे असतात, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवतीच्या पडद्यातल्या मज्जातंतूंना त्याहूनही कमी जाडी कळते. वीसेक मायक्रॉनचा उंचवटा माणूस ओळखतो. अशा बारीक जगात 'बरोबर' कशाला म्हणायचं आणि ते ठरवायचं कोणी? दातांनी, कानापुढच्या जबड्याच्या सांध्याने, चावणाऱ्या स्नायूंनी, की खुर्चीत बसलेल्या माणसाने? दंतवैद्यकात गेली शंभर वर्षं चाललेला 'बाइट'चा वाद या प्रश्नाभोवती फिरतो. प्रत्येक पंथाने वेगळा न्यायाधीश नेमला, आणि ज्याचा न्यायाधीश वेगळा त्याचे उपचारही वेगळे.

वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात, या लेखात ज्याला मी दातांची बैठक म्हणणार आहे, तिच्याबद्दल काही गोष्टींवर सगळ्यांचं एकमत आहे. नवी कॅप किंवा फिलिंग उंच राहिलं तर दात ठणकतो, ते उतरवावंच लागतं. इम्प्लांटला नैसर्गिक दातासारखा मऊ पडदा नसतो. दाबाखाली नैसर्गिक दात २५ ते १०० मायक्रॉन खाली दबतो, इम्प्लांट जेमतेम ३ ते ५. म्हणून त्याच्यावर पडणारा भार मोजूनमापून द्यावा लागतो. पुढे आलेले वरचे दात खेळताना पडल्यावर लवकर मोडतात, आणि खालचे दात टाळूत रुतत असतील तर तिथे जखम होते. अशा ठिकाणी बैठक सुधारली पाहिजे, यावर कोणी भांडत नाही. भांडण सुरू होतं ते दोन ठिकाणी: अख्ख्या तोंडाची बैठक नव्याने बांधायची तेव्हा, आणि जबडा, कान, डोकं दुखण्याचं खापर बैठकीवर फोडलं जातं तेव्हा.

सांध्याला साक्षी ठेवणारे

१९२६ मध्ये कॅलिफोर्नियात बेव्हर्ली मॅककॉलम यांनी 'नॅथॉलॉजी'चा अभ्यास करणारी मंडळी गोळा केली. हा शब्द हार्वी स्टॅलर्ड यांचा, आणि यंत्रं घडवण्यात चार्ल्स स्टुअर्ट पुढे. त्यांची श्रद्धा सरळ होती. जबडा सांध्यातल्या एका ठरावीक जागी बिजागरीसारखा फिरतो. ती जागा शोधायची, तिच्या हालचाली यंत्रावर उतरवायच्या आणि दात त्याबरहुकूम घडवायचे. या जागेचं नाव 'सेंट्रिक रिलेशन'.

पेशंटचा जबडा प्रयोगशाळेत नेता येत नाही, म्हणून त्याची नक्कल करणारं आर्टिक्युलेटर नावाचं यंत्र लागतं. १८५८ मध्ये विल्यम बॉनविल यांनी बनवलेलं यंत्र खालच्या जबड्यात चार इंच बाजूचा समभुज त्रिकोण मानून घडवलेलं होतं. नॅथॉलॉजीवाल्यांनी ही भूमिती फार पुढे नेली. पण पहिला फटका त्यांना स्वतःच्याच गृहीतकाने दिला. कवळी तोंडात डगमगू नये म्हणून तिचे दात दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकतील असे बसवतात. हाच नियम त्यांनी नैसर्गिक दातांना लावला, आणि केलेली कामं झिजू लागली. शेवटी स्टुअर्ट आणि स्टॅलर्ड यांनी तो मार्ग सोडला. १९५८ मध्ये अँजेलो डामिको यांनी सुळ्याची बाजू मांडली: जबडा बाजूला सरकला की फक्त सुळे टेकावेत आणि बाकीच्या दाढा सुटाव्यात. सुळ्याचं मूळ लांब असतं, तो पुढच्या कोपऱ्यात उभा असतो, आणि त्याच्या आडोशाने दाढा वाचतात. ही कल्पना आजही पाठ्यपुस्तकात आहे. पण कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात सुळ्यांबरोबर इतर दातही टेकतात आणि त्यांना काही त्रास होत नाही.

क्लाइड श्युलर, एल. डी. पँकी आणि अर्विन मान यांनी जरा सैल नियम मांडले. पुढे पीटर डॉसन यांनी दोन्ही हातांनी जबडा धरून सेंट्रिक रिलेशन शोधायची पद्धत लोकप्रिय केली. त्यांचं १९७४ चं पुस्तक दंतवैद्यांच्या कित्येक पिढ्यांनी वाचलं.

अडचण अशी की ज्या जागेला सगळ्यांनी ध्रुवतारा मानलं, ती जागाच हलत होती. आधी ती 'सगळ्यात मागची' जागा होती. १९८० च्या दशकात ती 'वर आणि पुढे' सरकली. कृत्रिम दात बसवण्याच्या शास्त्राच्या, म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिक्सच्या, मान्यताप्राप्त शब्दसंग्रहाच्या २००५ च्या आवृत्तीत सेंट्रिक रिलेशनच्या सात व्याख्या आहेत. २०१७ च्या आवृत्तीत कुठे ती एक झाली. त्याआधीच, १९५० च्या दशकात, स्वीडनच्या उल्फ पोसेल्ट यांनी जबड्याच्या हालचालींच्या सीमा मोजल्या होत्या. बहुसंख्य लोकांचे दात ज्या सवयीच्या जागी मिटतात ती जागा आणि सांध्याची 'आदर्श' जागा यांत साधारण एका मिलिमीटरचा फरक असतो, असं त्यांना दिसलं. मग हा फरक म्हणजे आजार म्हणायचा, की माणसाची नेहमीची घडण? दहातल्या नऊ जणांना जे आहे त्याला दोष ठरवणं जड जातं.

तरीही हा पंथ नुसता पोथीनिष्ठ म्हणून बाजूला टाकता येत नाही. एखाद्याचे सगळे दात झिजलेत, उंची हरवली आहे, आणि वीस-बावीस कॅप करायच्या आहेत. जुनी बैठक उरलेलीच नाही, मग नवी बांधायची कुठून? अशा वेळी पुन्हा पुन्हा सापडेल अशी एक खूण लागते. सेंट्रिक रिलेशन ती खूण देतं. मोजणीची सुरुवात म्हणून ते उपयोगी पडतं. अडचण होते ती त्याला आरोग्याचा निकष बनवल्यावर.

स्नायूंना विचारणारे

दुसऱ्या पंथाने सांध्याला बाजूला केलं. अमेरिकेतल्या सिअॅटलचे बर्नार्ड जँकेलसन यांचं म्हणणं होतं की दातांच्या चुकीच्या बैठकीने स्नायू सतत ताणलेले राहतात, आणि ताणलेल्या स्नायूंनी दाखवलेली जागा खरी कशी मानायची? म्हणून त्वचेवरून विजेचे हलके झटके देऊन स्नायू आधी शिथिल करायचे, जबडा जिथे आपोआप येऊन थांबेल ती जागा नोंदवायची आणि दात तिथे आणायचे. याला न्यूरोमस्क्युलर दंतवैद्यक म्हणतात. स्नायूंची वीज मोजणारी, जबड्याची वाट टिपणारी यंत्रं या पंथाच्या दवाखान्यात असतात.

पडद्यावर आलेख उमटला की पेशंटला विश्वास वाटतो, आणि डॉक्टरलाही. पण स्नायूंतली वीज माणसागणिक, दिवसागणिक बदलते. निरोगी माणूस आणि दुखणं असलेला माणूस यांना या यंत्रांनी नीट वेगळं ओळखता येतं, असा भक्कम पुरावा पुढे आला नाही. त्यातही काळजीची गोष्ट पुढच्या पायरीची. 'शिथिल' जागा सवयीच्या जागेपेक्षा बहुधा खाली आणि पुढे सापडते. तिथे दात टेकवायचे तर दाढांची उंची वाढवावी लागते, म्हणजे बऱ्याच दातांवर कॅप किंवा तारांचं लांबलचक काम. एका आलेखावरून आयुष्यभराचं काम सुरू होतं.

दुखणं कुठून आलं?

दुखण्याचा धागा कान-नाक-घशाच्या डॉक्टरने पुढे आणला. १९३४ मध्ये सेंट लुइसचे जेम्स कॉस्टेन यांनी अवघ्या ११ पेशंटच्या आधारे लिहिलं की मागच्या दाढा गेल्याने जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दबतो, आणि त्यातून कानात आवाज, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. पुढे शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिशर यांनी दाखवलं की कॉस्टेन ज्या दाबाचं वर्णन करतात तो त्या जागी तसा पडूच शकत नाही. पण दातांच्या बैठकीतून दुखणं येतं ही कल्पना तोवर रुजली होती. पुढची कित्येक दशकं, जबडा दुखला की दात घासून बैठक 'समतोल' करायची रीत सगळीकडे चालली.

पहिला जोरदार धक्का शिकागोतून आला. डॅनियल लास्किन यांनी १९६९ मध्ये मांडलं की या दुखण्याच्या बऱ्याच भागामागे ताणतणाव आणि स्नायूंचा थकवा आहे. मग त्यांच्या गटाने एक धाडसी प्रयोग केला. २५ पेशंटच्या दातांवर बैठक दुरुस्त केल्याचं नाटक केलं, प्रत्यक्षात दात घासलेच नाहीत. त्यांतल्या १६ जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं. १९७६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. खोट्या दुरुस्तीने एवढे लोक बरे होत असतील, तर खऱ्या दुरुस्तीच्या यशकथांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. जबड्याची अशी दुखणी बऱ्याचदा काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप कमी होतात, आणि त्या काळात जो उपचार चालू असतो त्याला श्रेय मिळतं.

उलट बाजूनेही प्रयोग झाले. निरोगी माणसांच्या दातांवर मुद्दाम बारीक उंचवटा चिकटवून बघितलं. चुकीच्या बैठकीमुळे माणूस दात खातो हे जुनं मत खरं असतं तर चावणाऱ्या स्नायूंची वीज वाढायला हवी होती. काही प्रयोगांत ती उलट कमी झाली. माणसाने ती बाजू जपायला सुरुवात केली होती.

झोपेत दात खाण्याचं कारण आपल्याकडे आधी जंतांवर ढकललं जातं, मग दातांच्या बैठकीवर. आजचं आंतरराष्ट्रीय एकमत वेगळं आहे. झोपेतलं दात खाणं मेंदूतून, झोपेच्या हलक्या जागेपणांतून येतं. चहा-कॉफी, दारू, तंबाखू, काही मानसिक औषधं आणि झोपेतला श्वासाचा अडथळा यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. निरोगी माणसात त्याला आजारही म्हणू नये, ती एक वागणूक आहे, असं २०१८ च्या एकमतात म्हटलं आहे. दात झिजत असतील तर त्यांना झाकायचं. पण दातांची बैठक बदलली म्हणून झोपेतला मेंदू बदलत नाही.

या सगळ्यातून आणखी एक पंथ उभा राहिला, ज्याला जैव-मानसिक-सामाजिक म्हणतात. त्यात सांधा, स्नायू, झोप, चिंता, शरीरातली इतर दुखणी असं सगळं एकत्र बघतात. १९९२ मध्ये या दुखण्याचे निदानाचे निकष दोन अक्षांवर लिहिले गेले: एका अक्षावर सांधा-स्नायूंची तपासणी, दुसऱ्यावर दुखण्याचा माणसाच्या मनावर आणि रोजच्या जगण्यावर झालेला परिणाम. २०१४ मध्ये ते सुधारले गेले. दातांची बैठक या निकषांत निदानाचा आधार म्हणून नाही.

पुराव्याचा काटा

१९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परिषद भरवून सांगितलं की सौम्य, परत फिरवता येतील असे उपचार आधी करावेत. दात घासून किंवा कॅप घालून कायमचा बदल करण्याला आधार नाही. ही भूमिका घाईत घेतलेली नव्हती. १९८० च्या दशकात सांध्यातली चकती काढून तिथे टेफ्लॉनयुक्त पदार्थ बसवण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली होती. तो पदार्थ झिजून कण सुटले, हाडं खाल्ली गेली, आणि १९९० च्या सुमारास अमेरिकी नियामकांना तो बाजारातून काढून घ्यावा लागला. अनेकांचे सांधे कायमचे गेले. परत न फिरणाऱ्या उपचाराची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली.

२००३ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दातांची बैठक घासून दुरुस्त करण्यावरच्या सहा चाचण्या, ३९२ पेशंट तपासले गेले. दुखणं बरं करायला किंवा टाळायला तिचा उपयोग होतो असा पुरावा मिळाला नाही. रात्री घालायच्या प्लास्टिकच्या पट्टीचं, म्हणजे स्प्लिंटचं, काय? ब्रिटनमध्ये २०२० ला झालेल्या मोठ्या आढाव्याला स्प्लिंटने दुखणं कमी होतं याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. २०२३ च्या शेवटी 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शिकेने जुनाट दुखण्यासाठी जबड्याचे व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी, विचार-वर्तन उपचार आणि धीर देत नीट समजावून सांगणं यांना ठाम पसंती दिली. काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटविरुद्ध तिने सौम्य शिफारस केली, आणि दातांची बैठक कायमची बदलणाऱ्या स्प्लिंटविरुद्ध जोरदार.

याचा अर्थ स्प्लिंट वाया गेली असा नाही. दात खाऊन झिजणाऱ्या दातांना आणि महागड्या कॅपना ती हेल्मेट म्हणून उपयोगी पडते. तिच्यामुळे दुखणं बरं होईल, एवढं वचन मात्र कोणी देऊ नये.

तारा लावणाऱ्यांचं घर

ऑर्थोडॉन्टिक्समध्ये वादाचा सूर वेगळा. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या पहिल्या दाढेवरून बैठकीचे तीन वर्ग पाडले. आजही केसपेपरवर 'क्लास टू' लिहिलं जातं ते त्यांचंच. सगळे दात ठेवले तरच चेहरा देखणा, अशी त्यांची श्रद्धा होती. १९११ मध्ये कॅल्विन केस यांनी दात काढण्याची बाजू उघडपणे मांडली, तेव्हा मोठा वाद पेटला. गंमत म्हणजे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी आपले उपचार पुन्हा उकललेले पाहिले, चार प्रीमोलर, म्हणजे लहान दाढा, काढून तेच पेशंट पुन्हा दुरुस्त केले आणि गुरूचा नियम मोडला.

पुढे चक्र उलटं फिरलं. १९८० च्या दशकात मिशिगनमधल्या एका खटल्यात ज्यूरीने दात काढून केलेल्या उपचाराला जबड्याच्या दुखण्यासाठी जबाबदार धरलं आणि मोठी भरपाई दिली. ऑर्थोडॉन्टिस्ट हादरले. त्यानंतर झालेल्या अभ्यासांत दिसलं की तारांचा उपचार, दात काढून असो वा न काढता, हे दुखणं ना निर्माण करतो, ना टाळतो. लहान वयात लवकर सुरू करावं की नाही, यावरही चाचण्या झाल्या. पुढे आलेल्या वरच्या दातांचा उपचार लवकर केला तर ते पडून मोडण्याचा धोका कमी होतो, बाकी फायदा किशोरवयात केलेल्या उपचाराइतकाच. म्हणून मुलाचे तारेचे पैसे चेहऱ्यासाठी, चावण्यासाठी, दात वाचवण्यासाठी खर्च करावेत. 'पुढे डोकं दुखू नये म्हणून' हे कारण तपासणीत टिकलेलं नाही.

कमी दातांचा संसार

सगळ्यात शांत आणि बहुधा सगळ्यात उपयोगी उत्तर नेदरलँड्समधल्या नायमेगनहून आलं. आर्न्ड कायसर यांनी १९८१ मध्ये लिहिलं की मागच्या मोठ्या दाढा गेल्या तरी पुढचे दात आणि प्रीमोलर शाबूत असतील तर बहुतेक माणसं नीट खातात, बोलतात, हसतात. जबडाही सहसा बिघडत नाही. प्रत्येक रिकाम्या जागेत ब्रिज बसवणं म्हणजे काही वेळा निरोगी दातांची नासाडी. जपानने १९८९ पासून चालवलेल्या '८०२०' मोहिमेचा हेतू ८० व्या वर्षी किमान २० दात टिकावेत, एवढाच. ज्या घरांत पैसा मोजून दात काढले-बसवले जातात, तिथे हा विचार कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचा आहे. नॉर्वेच्या ब्यॉर्न डाल यांनी १९७५ मध्ये अशीच काटकसरीची वाट दाखवली: पुढच्या झिजलेल्या दातांवर उंची दिली की दाढा हळूहळू वर येऊन आपली बैठक आपणच जमवतात, आणि निरोगी दाढा घासायची वेळ येत नाही.

आपल्या दवाखान्यात

सगळं जबड्याचं दुखणं दातांच्या बैठकीचं नसतं. हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला हवं. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण सुपारीने गालाची आतली कातडी घट्ट होऊन तोंड उघडेनासं होणं अजून रोज दिसतं. तिथे स्प्लिंट काय कामाची? गालातली पांढरट पट्टी आधी तपासायला हवी, कारण त्यातून कर्करोगाचा धोका असतो. चेहऱ्यावर विजेसारखी क्षणिक कळ, जबड्याबरोबर छातीत किंवा डाव्या हातात दुखणं, सूज आणि ताप, बधिरपणा, या गोष्टींत आधी योग्य डॉक्टर गाठावा.

उलटही होतं. एखाद्याला कॅप बसवल्यापासून 'बाइट' चुकीची वाटत राहते. तो एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातो, प्रत्येक जण थोडं घासतो, आणि त्रास वाढतच जातो. १९७६ मध्ये जोसेफ मारबाख यांनी याला 'फँटम बाइट' म्हटलं. दातांवर काही सापडत नाही, पण माणसाचं लक्ष तिथेच अडकलेलं असतं. इथे घासणं थांबवणं हाच उपचाराचा पहिला भाग.

तेव्हा माझा निकाल असा. दातांची बैठक ही कारागिरीची बाब आहे. नवं काम बसवताना, कवळी आणि इम्प्लांट घडवताना, झिजलेलं तोंड उभं करताना ती जितकी जपावी तितकी थोडी. त्यासाठी नॅथॉलॉजीची मोजणी घ्यावी, डाल आणि कायसर यांची काटकसरही घ्यावी. दुखणं आलं की मात्र बैठकीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी बाकीचे साक्षीदार तपासावेत.

आणि खुर्चीत बसलेल्या माणसाने एक प्रश्न विचारावा: "डॉक्टर, हे करून उपयोग झाला नाही, तर मागे जाता येईल का?" उत्तर 'हो' असेल तर तीन-चार महिने करून बघावं. 'नाही' असेल, दात घासायचे असतील, अनेक कॅप घालायच्या असतील आणि कारण फक्त दुखणं असेल, तर दुसरं मत घेतल्याशिवाय 'हो' म्हणू नये.